तासिका तत्त्वावरचा नवरा

मनवर सरांच्या हातात रजेचा अर्ज दिला, की ते आधी कारण वाचत नसत. त्यांची नजर थेट कागदाच्या तळाशी जायची. तिथं 'आपला आज्ञाधारक विद्यार्थी' असं दिसलं, की खिशातलं पेन निघायचं, 'आज्ञाधारक'वर आडवी रेघ पडायची आणि अर्ज पोराच्या हातात परत यायचा. "विद्यार्थी हायेस ना तू? मंग तेवढंच लिही. आज्ञाधारक बैल असते." शाळेत घोटून घेतलेला शब्द हा माणूस असा खोडून टाकतो, याची पोरांना मोठी गंमत वाटायची. प्राचार्यांना मात्र वाटायची नाही. "मनवर, पोरं तशीबी ऐकत नाहीत, निदान कागदावर तरी ऐकू द्या," असं ते एकदा माझ्यासमोर कळवळून म्हणाले होते.

मी दारव्ह्याच्या त्या कॉलेजात ग्रंथपाल होते. तांड्यावरून शिकून आलेली, तोंडानं फटकळ, आणि कवितेशी संबंध पुस्तकाच्या पाठीवर नंबर चिकटवण्यापुरता. सर इतिहास शिकवायचे, तेही तासिका तत्त्वावर. हा शब्द ज्यांच्या वाट्याला आला नाही त्यांच्यासाठी सांगते: जेवढे तास घ्याल तेवढ्याचाच मोबदला, सुट्ट्या लागल्या की तुम्ही कोणी नाही, आणि जूनमध्ये पुन्हा नव्यानं मुलाखत, जणू मार्चपर्यंत त्याच वर्गात शिकवत होता तो दुसराच कोणी माणूस.

सर नोकरीवर आले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. उंच, किडकिडीत, शर्टाची वरची गुंडीही लावलेली. त्यांनी मागितलेलं पुस्तक मला दोनदा विचारावं लागलं. बायझंटाइन दरबारातल्या प्रेमकाव्यावरचं काही आहे का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, "सर, हे दारव्हा आहे. इथं स्पर्धा परीक्षेची गाइडं मिळतात."

"मालूम हाय मले," ते शांतपणे म्हणाले. "पन तुमी विद्यापीठातून मागवू शकता ना, मॅडम? मी वाट पाह्यतो. मले वाट पाह्याची सवय हाय."

ते खरंच वाट पाहत राहिले. नागपूरहून पुस्तक यायला पावसाळा उलटून गेला. आलं ते पुस्तक जाड, इंग्रजी, अर्ध्या पानांवर ग्रीक. ते हातात घेऊन माणूस असा हसला, की पोरगी झाल्याची चिठ्ठी आली असावी असं शिपायाला वाटलं. त्यानं पेढे मागितले.

या विषयातलं पुढचं सगळं मला पाठ आहे, कारण मी ते इच्छा नसताना वर्षानुवर्षं ऐकलं. कॉन्स्टँटिनोपल म्हणजे आजचं इस्तंबूल. आठ-नऊशे वर्षांपूर्वी तिथं बायझंटाइन बादशहांचा दरबार होता, आणि त्या दरबाराच्या आश्रयाला लेखक असत. राजघराण्यातल्या एखाद्या बाईसाहेबांच्या दिवाणखान्यात ते जमायचे आणि आपापल्या प्रेमकथा मोठ्यानं वाचून दाखवायचे. आज बादशहाची स्तुती, उद्या प्रेमकथा, परवा धान्य संपलं म्हणून रडगाणं. जे खपेल ते लिहायचं. कथा बहुतेक एकाच साच्यातल्या. बागेत दोघांची नजरानजर, मग चाचे, वादळ, ताटातूट, मेल्याची खोटी खबर आणि शेवटी लग्न. "रडका शेवट बाईसाहेबाले चालत नव्हता," सर सांगायचे. "बाहेर काही होओ, आत लगन लागलंच पाह्यजे." आणि हे सगळं लिहायचं ते हजार वर्षं जुन्या ग्रीकमध्ये, जी तेव्हा कुणाच्याही चुलीपाशी बोलली जात नव्हती. लोकांच्या तोंडच्या भाषेत प्रेम लिहायला त्यांना आणखी बराच काळ लागला.

जगभरच्या विद्वानांनी या कवींना नक्कलखोर म्हणून बाजूला टाकलं होतं. सरांचा जीव नेमका तिथंच गुंतला. पोरांना 'बायझंटाइन' म्हणता येईना, त्यांनी त्याचं 'बाजिंदे' केलं. आणि बाजिंदा म्हणजे वस्ताद, छाकटा. इतक्या सरळ माणसाला बाजिंदे सर म्हणताना आख्खं कॉलेज खूश असायचं. ते स्वतःही त्या हाकेला ओ द्यायचे.

वर्गात त्यांना ठरलेला अभ्यासक्रम शिकवावा लागे, पण तासाची शेवटची मिनिटं ते कॉन्स्टँटिनोपलला द्यायचे. एकदा त्यांनी राजवाड्यातली बाग रंगवून सांगितली. संगमरवरी हौद, कारंजी, सोन्याच्या झाडावर यंत्रानं गाणारी पाखरं. मागच्या बाकावरच्या एका पोरानं हात वर केला. "सर, पन बागेले पानी कुठून येत होतं?" दुसरीकडे कुठं हा प्रश्न कुणाला सुचला नसता. सर इतके खूश झाले की पुढचा तासही त्यांनी त्यावरच घेतला. डोंगरातून आणलेले पाट, शहराच्या पोटात बांधलेली दगडी टाकी, टाक्यांतले खांब. घंटा झाली तरी पोरं उठली नाहीत. आमच्याकडे पाण्याची गोष्ट प्रेमाच्या गोष्टीपेक्षा जास्त ऐकली जाते.

मी त्यांना एकदा सरळच विचारलं, की तुम्हाला दुसरा विषय मिळाला नाही का. नागपूरला त्यांच्या बरोबरीच्या पोरांनी चळवळीवर, वस्त्यांवर, अत्याचारांवर प्रबंध केले. सरांचे आजोबा छप्पन साली दीक्षा घेतलेले. वडील जिनिंगमध्ये कामाला होते आणि कापसाची धूळ छातीत भरून अकाली गेले. अशा घरातल्या मुलाकडून सगळ्यांची अपेक्षा ठरलेली होती. ते म्हणाले, "आमच्याकडून सगळे जखमच मागते, मॅडम. उघडून दाखवा म्हनते. ते काम करनारे माह्यापेक्षा चांगले लोक हाय, करून राह्यले. मले बाग मागाची होती. बाग काय फक्त तुमच्याच बापाची हाय, असं विचारावं वाटलं."

त्यांचं लग्न झालेलं होतं. सुनंदा वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, पण नेमणूक मुकुटबनच्या बाजूला, कोलाम आदिवासींच्या एका पोडावर, म्हणजे वस्तीवर. जिल्हा एकच, पण एक टोक इकडं आणि दुसरं तिकडं. दारव्ह्याहून यवतमाळ, यवतमाळहून पांढरकवडा, पुढं मिळेल ती जीप. सरांची आई अर्धांगानं अंथरुणाला खिळलेली, आपलं घर सोडायला तयार नव्हती. तिला टाकून सर तिकडं जाऊ शकत नव्हते. नोकरी सोडून वहिनी इकडं आल्या असत्या, तर घर तासिकांवर चाललं नसतं. म्हणून लग्न झाल्यापासून ही दोघं एक आड एक शनिवारी भेटत होती. वहिनी संध्याकाळी पोचायच्या, रविवारी सासूला न्हाऊ-माखू घालून, पंधरा दिवसांचं तिखट-मीठ भरून दुपारच्या गाडीनं परत. नाती जुळवायला एवढा वेळ पुरत नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

नवरा-बायको दोघंही नोकरीत असतील तर बदलीत त्यांना जवळ आणायचं, अशी सरकारी सोय आहे. तिला पती-पत्नी एकत्रीकरण म्हणतात. सर दर वर्षी वहिनींच्या नावानं तो अर्ज लिहून द्यायचे. अर्ज दर वर्षी परत यायचा. एकदा वहिनी स्वतः यवतमाळच्या कार्यालयात गेल्या. परत येऊन त्यांनी ती हकिगत मला हसत हसत सांगितली, पदरानं डोळे पुसत.

"तो बाबू मले म्हनते, मॅडम, नवरा कायम पाह्यजे. तासिका तत्त्वावरचा नवरा धरत नाई. मी म्हनलं, भाऊ, मीबी त्याले एक आड एक शनिवारीच धरतो, पन मायासाठी तो कायमच हाय ना."

सरही हसले. पण पुढचे दोन दिवस त्यांनी वर्गात कॉन्स्टँटिनोपलचं नावही काढलं नाही.

त्या काळात ते एका जुन्या प्रेमकथेचा मराठी अनुवाद करत होते. वाचनालय बंद व्हायच्या सुमारास यायचे, मी फाटकी पुस्तकं चिकटवत बसलेली असायची, आणि ते समोर बसून त्या दिवशीचा तुकडा वाचून दाखवायचे. तिथं एक शब्द अडला होता. त्या कवींचं प्रेम म्हणजे धनुष्यबाण घेतलेलं गुबगुबीत पोर नाही. तो मुकुट घालून सिंहासनावर बसलेला बादशहा. ऋतू त्याचे चाकर, समुद्र त्याचा चाकर. प्रेमात पडणाऱ्यानं त्याच्या दरबारात जायचं, गुडघे टेकायचे, विनवण्या करायच्या आणि 'मी तुझा गुलाम' अशी शपथ घ्यायची. मग आपल्या प्रियेलाही तेच सांगायचं. हा शब्द पानोपानी येतो. आणि सर तो लिहीत नव्हते. 'गुलाम' नाही, 'दास' नाही, 'सेवक'सुद्धा नाही. तिथं आला की ते वाचताना थांबायचे, नुसता श्वास घ्यायचे, आणि पुढं जायचे.

"अहो, कवितेतला गुलाम तो," मी वैतागून म्हणायची. "लाडाचा शब्द आहे."

"ज्याचा आजा कधी कोनाच्या दारात हात जोडून उभा नव्हता, त्याच्यासाठी लाडाचा असंल," ते म्हणायचे. "माह्या तोंडातून निंगत नाई."

तो शब्द शेवटी वहिनींनी दिला. एका रविवारी मी त्यांच्या आईला बघायला गेले होते. वहिनी ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होत्या, सर त्यांना अडलेला तुकडा वाचून दाखवत होते. रिकामी जागा आली, सर थांबले. वहिनींनी वर न बघताच विचारलं, "मंग थो तिले काय म्हनते?"

सरांनी अडचण सांगितली. वहिनींनी शेंग मोडली. "कायले लागते गुलाम? 'मी तुया घरचा आहो' म्हना ना. झालं."

आमच्या भागात बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, 'आमच्या घरचे' म्हणते. नवराही 'माही घरची' म्हणतो. 'घरचा' म्हणजे आपला. ज्याच्यापुढं दाराची कडी लागत नाही तो. सरांनी एकवार बायकोकडे बघितलं. तो शब्द त्यांनी त्याच दिवशी पहिल्या पानापासून सगळ्या रिकाम्या जागांत भरला, आणि मला खात्री आहे की कुठल्याही भाषेतल्या अनुवादात तो तसा नसेल. एकाही घरात धड एकत्र न राहिलेल्या दोघांनी तो शोधला, याचं मला तेव्हाही वाईट वाटलं होतं.

ती कापसाची वाईट वर्षं होती. सकाळी वर्तमानपत्रं लाकडी पट्टीला लावून टांगणं हे माझं काम. जिल्ह्याचं पान वर येऊ नये म्हणून मी ते आत दुमडायची, आणि पोरं नेमकं तेच आधी उघडायची, कुणाच्या गावाचं नाव आहे ते बघायला. दिवाळीनंतर वर्ग अर्धे व्हायचे. खरेदी केंद्रासमोर गाड्यांची रांग कॉलेजच्या फाटकापर्यंत यायची आणि त्यातल्या एखाद्या गाडीवर कापसाच्या ढिगात आमचाच विद्यार्थी झोपलेला दिसायचा. अशा दिवसांत सर वाचनालयात बसून बागा उतरवत होते. माझा एकदा तोल गेला. म्हटलं, "सर, बाहेर काय चाललंय आणि तुम्ही सोन्याची पाखरं कसली मोजताय?"

ते म्हणाले, "त्या शहराच्या तटाबाहेर फौजा येऊन पडल्या होत्या, तवाबी आत कोनीतरी बागच लिहून राह्यलं होतं, मॅडम."

"मग? वाचलं का शहर?"

"नाई वाचलं."

"मग काय उपयोग?"

"उपयोग नाईच," ते म्हणाले, आणि पान उलटलं.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष गावातले मोठे जिनिंगवाले. सगळे त्यांना साहेब म्हणत. सरांचे वडील त्यांच्याच जिनिंगमध्ये होते. त्या वर्षी साहेबांची एकसष्टी आली आणि त्याच वर्षी इतिहासाचं एक कायम पद भरायची परवानगीही आली. प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. त्याला जमेल तशी मदतच तो करत होता. "साहेबांवर एक कविता होऊन जाऊ द्या, मनवर. सोहळ्यात वाचा. तुमचं नाव त्यांच्या डोक्यात बसलं पाहिजे. पुढचं मी बघतो."

सर माझ्याकडे आले आणि प्राचार्यांचं बोलणं त्यांनी मला सांगितलं. पद मिळालं की ते कायम, ते कायम झाले की वहिनींचा अर्ज लागणार, अर्ज लागला की वहिनी दारव्ह्याला. सगळं त्या एका कवितेवर येऊन थांबलं होतं. "आयुष्यभर ज्या कवीयले मी लाचार म्हनत आलो, ते आता माह्याकडं पाहून हासून राह्यले असतील," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "पोट त्यायलेबी होतं, नाई का?"

त्या शनिवारी वहिनी आल्या. एवढंच म्हणाल्या, "लिहून टाका. मी यवतमाळच्या स्टँडवर म्हातारी होऊन राह्यली."

सरांनी लिहिलं. आणि लिहायचं म्हटल्यावर त्या माणसाला वाईट लिहिता येत नव्हतं. त्या दरबारी कवींची पंधरा अक्षरांची ओळ त्यांनी वऱ्हाडी बोलीत आणली. त्यात कापूस होता, जिनिंगचा भोंगा होता, साहेबांनी गावात शाळा आणली तो दिवस होता. मी वाचली तेव्हा मला ती साहेबांच्या लायकीपेक्षा फार चांगली वाटली. रिवाजाप्रमाणे शेवटच्या ओळीत कवीनं आपलं नाव घालून आश्रयदात्यापुढं स्वतःला गुलाम म्हणवून घ्यायचं असतं. तिथं सरांनी आपला नेहमीचा शब्द घातला. त्यांना तो इतका सवयीचा झाला होता, की दुसरं काही लिहायचं त्यांच्या मनातही आलं नाही. मला तरी कुठं आलं!

सोहळा कॉलेजच्या मैदानावर, भर दुपारी, मांडवात. वहिनी रजा काढून आल्या होत्या, माझ्या शेजारी बसल्या होत्या. सरांनी कागद न बघता कविता म्हटली. मागची पोरं बोली ऐकून शिट्ट्या वाजवत होती, पुढच्या रांगेतले पाहुणेही माना डोलवत होते. साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी स्वतः बघितलं. वहिनींनी माझा हात धरला. मग शेवटची ओळ आली, आणि सरांनी ती साहेबांकडे वळून म्हटली: हा मनवर कोणी परका नाही, साहेब, तुमच्या घरचा आहे.

पुढची रांग एकदम गप्प झाली. सेवक म्हटलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या. दास म्हटलं असतं तर साहेबांनी उठून मिठी मारली असती. बौद्धवाड्यातला, जिनिंगमधल्या मजुराचा मुलगा भर मांडवात घरचा म्हणवून घेतो, ही सलगी कुणाला पचली नाही. साहेबांनी माईक मागून घेतला. ते हसतच होते. "कविता झकास झाली. तुमचे वडील आमच्या जिनिंगमधी होते, ते मले याद हाय. पन मनवर सर, घरचे कवापासून झाले, बाप्पा?"

हसू फार मोठं नव्हतं. पुढच्या दोन रांगांतलंच होतं. सर क्षणभर उभे राहिले, त्यांना आधी कळलंच नाही. शब्दाचे इतके अर्थ शोधणाऱ्या माणसाला त्या मांडवातला अर्थ दिसला नव्हता. कळलं तेव्हा ते "जय भीम" म्हणाले आणि पायऱ्या उतरून आले. माझा हात वहिनींनी अजून धरलेलाच होता. संताप मला आजही येतो. त्या दिवशी तर मला त्या मांडवाचे खांब उपटावेसे वाटले होते.

पद भरलं गेलं. साहेबांच्या नात्यातली एक मुलगी आली. मुलगी हुशार होती, तिला दोष देत नाही. सरांचे तास कमी होत गेले आणि एका जूनमध्ये त्यांना मुलाखतीचं बोलावणंच आलं नाही. पुढं साहेबांची जिनिंगही बसली, भोंगा थांबला, आणि त्याचं सरांना वाईटच वाटलं. ते शिकवण्या घेऊ लागले. एकत्रीकरणाचा अर्ज वहिनींनीच बंद करायला सांगितला. एक आड एक शनिवार महिन्यातून एक झाला, मग सणावारी. संध्याकाळी फोन मात्र चुकायचा नाही. सर वाचनालयाच्या पायरीवर बसून तास तास बोलायचे. आईनं काय खाल्लं, पोडावरची कोणती पोरगी शाळेत यायला लागली, कवितेतला कोणता शब्द बदलला.

मग आई गेली. आता सरांना दारव्ह्यात बांधून ठेवणारं काही उरलं नाही. आम्ही सगळ्यांनी त्यांना पुस्तकांची खोकी भरून मुकुटबनच्या दिशेनं रवाना केलं. मला फार बरं वाटलं होतं. त्या प्रेमकथांत होतं तसं, चाचे आणि वादळं उरकून दोघं एका छपराखाली आली, असं मी घरी सगळ्यांना सांगितलं.

पावसाळा संपायच्या आत सर परत आले. खोकी तशीच बांधलेली. भांडण झालं का, असं मी विचारलं, कारण मला दुसरं काही सुचेना.

"भांडन होत असतं तं राह्यलो असतो," ते म्हणाले. "ती मले पानी आनून देते तं पेल्याखाली बशी ठेवते. जेवताना विचारते, पोटभर झालं का. मीबी तिले विचारल्याशिवाय तिचं कपाट उघडत नाई. एक दिवस दूध आनाले बाहेर निंगालो. ती दारातून म्हनते, पोचल्यावर फोन लावजा." ते हसले. "तिच्या ध्यानात आलं, माह्याबी आलं. दोघंबी काही बोललो नाई. फोनवर आमी लय चांगले नवरा-बायको हाव, मॅडम. समोर बसाची सवयच मोडली."

थोड्या वेळानं ते आपल्या कवींवर आले, सवयीनं. "त्यायनं लगनाच्या पुढचं पान कधी लिहिलं नाई. मी समजत होतो बाईसाहेबाच्या भीतीनं. तसं नसंल. त्यायले मालूम असंल."

अनुवादाचं शेवटचं प्रकरण, दोघं भेटतात ते, त्यांनी केलंच नाही. आईचं घर मागच्या बाजूनं पडलं होतं, म्हणून त्यांनी स्टँडजवळ एक खोली घेतली. वहिनी तिथं एकदोनदाच आल्या असतील, त्याही उभ्या उभ्या. मी निवृत्त झाले. जाता-येता सरांकडे टेकायची, ते चहा करायचे, आम्ही बोलत बसायचो. संध्याकाळ झाली की मी उठायची, कारण फोनची वेळ व्हायची.

एका हिवाळ्यात त्यांच्या छातीत दुखू लागलं. यवतमाळला नेईपर्यंत संपलं. वहिनी दुसऱ्या दिवशी सकाळी जीपनं पोचल्या. पांढरं लुगडं कुणाचं तरी मागून नेसलेल्या. त्रिशरण झालं, पंचशील झालं, सगळ्यांबरोबर त्याही म्हणत होत्या, आवाज कुठं अडखळला नाही. माती देऊन माणसं सरांच्या खोलीवर परतली तेव्हा दुपार कलली होती. विद्यार्थी आले होते, कुठकुठल्या गावांहून, आता स्वतःच बाप झालेले. शेजारणीनं चहासाठी दूध आणून दिलं.

वहिनी उठून आत गेल्या. मी पाठोपाठ गेले. चुलीपाशी त्या उभ्या होत्या, समोरच्या फळीकडे बघत. एकसारखे डबे होते, एकावर एक. त्यांनी एका डब्याला हात लावला, मागं घेतला, आणि माझ्याकडे वळून हळूच विचारलं,

"ताई, ह्यायच्या घरी साखर कुठी असते?"

मला माहीत होतं. मी डबा काढून त्यांच्या हातात दिला.